सार्वभौमत्व आणि सीमानाका : जिब्राल्टरविषयक वाटाघाटी व ब्रिटिश संसदेची छाननी (१९६७-२०२५)

प्रस्तावना

एखाद्या भूभागावर सत्ता कोणाची, हा एक प्रश्न. त्या भूभागाच्या वेशीतून कोणी, केव्हा व कोणत्या अटींवर ये-जा करावी, हा दुसरा. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच प्रकरणात उरकले जातात. ज्याची सत्ता त्याची वेस, असा त्यामागील सरळ हिशोब असतो. जिब्राल्टरचा तीन शतकांचा इतिहास या हिशोबात बसत नाही. तेथील सत्ता १७०४ पासून इंग्रजांच्या हाती आहे; परंतु तेथील जमिनीवरील वेस उघडणे वा मिटणे हे बव्हंशी स्पेनच्या हाती राहिले. अवघ्या ६.८ चौरस किलोमीटरच्या आणि सुमारे चौतीस हजार वस्तीच्या या खडकाविषयी लंडन व माद्रिद यांच्यामध्ये ज्या वाटाघाटी झाल्या, त्या सर्वांच्या मुळाशी ही विसंगती आहे.

प्रस्तुत लेखात या वाटाघाटींचा संपूर्ण इतिहास सांगण्याचा हेतू नाही. ब्रिटिश संसदेने, विशेषतः तिच्या समित्यांनी, या वाटाघाटींवर कशी नजर ठेवली व त्या नजरेतून काय सुटले, एवढाच मर्यादित विचार येथे केला आहे. लेखकाचे मत असे की, वेस्टमिन्स्टरने सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर जागता पहारा ठेवला आणि त्यात तिला मोठे यशही आले; परंतु रहिवाशांचे रोजचे जीवन ज्यावर अवलंबून होते, त्या सीमानाक्याच्या प्रश्नाकडे तिचे लक्ष नेहमी उशिरा गेले. पुढे हे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा संसदीय समिती आणि जिब्राल्टरचे निर्वाचित शासन यांची तोंडे विरुद्ध दिशांना झाली.

उट्रेक्टचा तह आणि संयोगभूमी

स्पॅनिश वारसायुद्धात अॅडमिरल जॉर्ज रूक याच्या नेतृत्वाखालील इंग्रज व डच आरमाराने १७०४ मध्ये जिब्राल्टर घेतले. १७१३ च्या उट्रेक्ट तहाच्या दहाव्या कलमाने स्पेनने ते ब्रिटिश राजसत्तेस दिले. हे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे, कारण पुढील सर्व वादांची बीजे त्यातच आहेत. शहर, किल्ला, बंदर व तटबंदी यांची पूर्ण मालकी त्याने ब्रिटनला दिली. त्याच वेळी सभोवतालच्या मुलखाशी जमिनीवरून खुले दळणवळण असणार नाही, अशी अट घातली. ब्रिटनने हा प्रदेश कधी कोणास देण्याचे वा विकण्याचे ठरविल्यास पहिला हक्क स्पेनचा राहील, असेही त्यात म्हटले आहे. ज्यू आणि मूर यांना तेथे राहू देऊ नये, असेही एक वाक्य त्यात आहे व ते प्रत्यक्षात कधीही धडपणे पाळले गेले नाही. तहाचे जे वाक्य सोयीचे ते पवित्र आणि जे गैरसोयीचे ते कालबाह्य, ही रीत दोन्ही बाजूंनी फार लवकर आत्मसात केली, असे दिसते.

म्हणजे सत्ता एकाची आणि वेस बंद, ही व्यवस्था तहानेच घालून दिलेली होती. त्यात भर पडली ती संयोगभूमीची. खडक व स्पेनची मुख्य भूमी यांना जोडणारी जी वाळूची सपाट पट्टी आहे, तिचा तहात उल्लेख नाही. ब्रिटनचा दावा दीर्घकालीन अखंड ताब्यावर आधारलेला आहे. स्पेनच्या मते ही पट्टी त्याने कधी दिलेलीच नाही. १९०९ मध्ये ब्रिटिशांनी या पट्टीवर कुंपण घातले. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावरच धावपट्टी बांधण्यात आली. शहरात येणारा मुख्य रस्ता या धावपट्टीला छेदून जात असे व विमान उतरताना वाहने आणि पादचारी थांबवून ठेवावे लागत. धावपट्टीखालचा बोगदा वाहतुकीस खुला झाला तो २०२३ मध्ये.

वचन आणि बंद दरवाजा

१९६३ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वसाहतीकरण समितीपुढे जिब्राल्टरचा प्रश्न आला. जनरल फ्रँको यांच्या राजवटीने प्रादेशिक अखंडत्वाचा मुद्दा मांडला. ब्रिटनने रहिवाशांच्या इच्छेचा. १० सप्टेंबर १९६७ रोजी सार्वमत झाले. ब्रिटनशी नाते कायम ठेवावे या बाजूने १२,१३८ मते पडली व स्पेनच्या बाजूने ४४. त्याच वर्षी डिसेंबरात आमसभेने ठराव करून हे सार्वमत नापसंत ठरविले, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निर्वसाहतीकरण आणि स्वयंनिर्णय ही तत्त्वे एकाच दिशेने चालतात, अशी आपली सहज समजूत असते. जिब्राल्टरमध्ये ती परस्परांविरुद्ध उभी होती.

या सार्वमतानंतर मे १९६९ मध्ये जिब्राल्टरला नवी राज्यघटना मिळाली. तिच्या प्रास्ताविकात ब्रिटिश शासनाने असे वचन दिले की, जिब्राल्टरच्या जनतेने मुक्त व लोकशाही मार्गाने व्यक्त केलेल्या इच्छेविरुद्ध तिला दुसऱ्या राज्याच्या सार्वभौमत्वाखाली नेणारी कोणतीही व्यवस्था केली जाणार नाही. या वचनाचे कायदेशीर रूप तपासले पाहिजे. तो संसदेचा अधिनियम नव्हता. राजाच्या परमाधिकारांतून निघणारा, प्रिव्ही कौन्सिलमार्फत दिलेला तो आदेश होता. म्हणजे वचन देणारे शासन, ते लिहून काढणारेही शासन. तथापि कॉमन्समधील खासदारांनी त्यानंतर प्रत्येक पेचप्रसंगी हेच वाक्य मंत्र्यांपुढे धरले आणि त्यामुळे त्याला जवळजवळ कायद्याचे वजन प्राप्त झाले. संसदीय छाननीचे हे पहिले व कदाचित सर्वांत परिणामकारक साधन होय.

परंतु घटना अमलात आल्यानंतर काही दिवसांतच, जून १९६९ मध्ये, फ्रँको यांनी सीमा बंद केली. अल्जेसिरासची बोट थांबली, त्यानंतर दूरध्वनीच्या ताराही तोडण्यात आल्या. रोज कामाला येणाऱ्या हजारो स्पॅनिश कामगारांचा रोजगार एका रात्रीत गेला. त्यांच्या जागी मोरोक्कोतून माणसे आणावी लागली. ला लिनेआ आणि जिब्राल्टर या दोन गावांतील कुटुंबे विवाहसंबंधांनी एकमेकांत गुंतलेली होती. ती कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना हाका मारीत, नवजात मुले उंच धरून दाखवीत. सार्वभौमत्वाचे वचन पूर्णपणे पाळले गेले होते आणि त्याच उन्हाळ्यात दरवाजा बंद झाला होता. या दुसऱ्या गोष्टीवर संसदेजवळ निषेधाखेरीज काही साधन नव्हते. परराष्ट्र व्यवहारांसाठी स्वतंत्र निवड समितीही तेव्हा अस्तित्वात नव्हती. खात्यानुसार निवड समित्यांची पद्धती कॉमन्समध्ये १९७९ साली आली.

एप्रिल १९८० मध्ये लॉर्ड कॅरिंग्टन आणि स्पेनचे परराष्ट्रमंत्री मार्सेलिनो ओरेखा यांनी लिस्बन येथे सीमा उघडण्याविषयी समझोता केला. कॅरिंग्टन हे लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य असल्यामुळे करार करणारा मंत्री कॉमन्सपुढे स्वतः उभा राहू शकत नव्हता. त्याच्या वतीने दुसरा मंत्री उत्तरे देई. नव्याने स्थापन झालेल्या परराष्ट्र व्यवहार समितीने १९८०-८१ च्या अधिवेशनात जिब्राल्टरवर अहवाल दिला. याच सुमारास लॉर्ड्स सभागृहाने १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व विधेयकात शासनाच्या इच्छेविरुद्ध दुरुस्ती करून जिब्राल्टरवासीयांना ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळवून दिला. वाटाघाटींवर भाष्य करण्यापेक्षा विधेयकात एक कलम घालणे किती अधिक उपयोगी पडते, याचे हे उदाहरण होय. लिस्बनचा समझोता मात्र लांबणीवर पडत गेला. पादचाऱ्यांसाठी सीमा डिसेंबर १९८२ मध्ये उघडली. पूर्णपणे ती उघडली फेब्रुवारी १९८५ मध्ये, म्हणजे स्पेनच्या युरोपीय समुदायातील प्रवेशाच्या तोंडावर. त्याआधी नोव्हेंबर १९८४ च्या ब्रुसेल्स निवेदनात सर जेफ्री हाऊ यांनी सार्वभौमत्वाच्या प्रश्नावरही चर्चा होईल, हे मान्य केले होते. वेस उघडण्याची ती किंमत होती, असे स्पेनमध्ये मानले गेले आणि जिब्राल्टरमध्ये तशी शंका घेतली गेली.

संसदेच्या हाती काय असते?

तृतीय वर्षाच्या वर्गात हा भाग शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात, की ज्या देशात संसद सर्वश्रेष्ठ म्हणतात, तेथे भूभाग देण्याविषयी बोलणी करताना मंत्र्याला संसदेची परवानगी का लागत नाही? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये तह करण्याचा अधिकार राजाच्या परमाधिकारांत मोडतो व तो मंत्रिमंडळ वापरते. १९२४ पासून पाळल्या गेलेल्या पॉन्सन्बी संकेतानुसार सही झालेला तह अनुसमर्थनापूर्वी एकवीस बैठकदिवस संसदेपुढे ठेवला जाई. २०१० च्या घटनात्मक सुधारणा व शासनव्यवहार अधिनियमाने या संकेताला कायद्याचे रूप दिले. कॉमन्सने त्या मुदतीत विरोधी ठराव केला तर अनुसमर्थन लांबविता येते. पण चर्चा घडवून आणणे शासनावर बंधनकारक नाही, मसुद्यात बदल सुचविता येत नाही, आणि मुळात तह हाती पडतो तो सही झाल्यावर. वाटाघाटी चालू असताना मंत्र्याला बोलावून विचारणारी यंत्रणा एकच, ती म्हणजे निवड समिती.

भूभाग प्रत्यक्ष द्यावयाचा असल्यास मात्र वेगळा दाखला आहे. १८९० मध्ये लॉर्ड सॉल्झबरी यांनी हेलिगोलँड बेट जर्मनीस दिले, तेव्हा त्यासाठी संसदेत विधेयक आणून संमती घेण्यात आली. त्या बेटावरील सुमारे दोन हजार माणसांना मात्र कोणी विचारले नाही. संसदेची संमती आणि रहिवाशांची संमती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून कळते. जिब्राल्टरच्या बाबतीत शासनाने रहिवाशांच्या संमतीचे वचन दिले, संसदेच्या संमतीचे नव्हे.

भारतीय वाचकास येथे बेरुबारी प्रकरण आठवल्यावाचून राहणार नाही. १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानास देण्याचे ठरले असता सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असा अभिप्राय दिला की, भारताचा भूभाग परराज्यास देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे. त्यानुसार नववी घटनादुरुस्ती झाली. बांगलादेशाबरोबरच्या भूसीमा करारासाठी २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करावी लागली. लिखित राज्यघटना असलेल्या देशात जो प्रश्न न्यायालयाने निकालात काढला, तो ब्रिटनमध्ये संकेत, वचन आणि समितीच्या अहवालांवर सोपविलेला आहे.

२००२ : समिती आणि जनता एका बाजूला

जुलै २००१ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या शासनाने ब्रुसेल्स प्रक्रिया पुन्हा सुरू केली. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ आणि युरोपविषयक मंत्री पीटर हेन यांचा होरा असा होता की, स्पेनबरोबरचा हा जुना सल एकदाचा काढून टाकला, तर युरोपीय संघातील अनेक अडलेली कामे मार्गी लागतील. जिब्राल्टरचे मुख्यमंत्री पीटर करुआना यांना चर्चेचे निमंत्रण होते, परंतु आपल्या संमतीशिवाय दोन्ही देशांत काही ठरणार नाही अशी हमी मिळाल्याखेरीज येण्यास त्यांनी नकार दिला. त्यांची शंका वृथा नव्हती.

१२ जुलै २००२ रोजी स्ट्रॉ यांनी कॉमन्समध्ये निवेदन केले. तो शुक्रवार होता. खासदार आपापल्या मतदारसंघांकडे निघण्याचा हा दिवस. त्यांनी सांगितले की, ब्रिटन व स्पेन यांनी सार्वभौमत्व वाटून घ्यावे या तत्त्वासह अनेक तत्त्वांवर दोन्ही देशांत व्यापक सहमती झाली आहे. तरीही काही मुद्दे अडलेले होते. झालेली तडजोड कायमची असली पाहिजे, हे स्पेनला मान्य करणे कठीण होते, कारण पूर्ण सार्वभौमत्वाचा दावा त्यास सोडावयाचा नव्हता. लष्करी तळाचे नियंत्रण ब्रिटनला सोडावयाचे नव्हते. आणि अखेरचा शब्द सार्वमताचा राहील, असे ब्रिटनचे म्हणणे होते. म्हणजे १९६९ चे वचन शाब्दिक अर्थाने मोडलेले नव्हते. परंतु ज्या जनतेची संमती शेवटी घ्यावयाची, तिला बाहेर ठेवून मसुदा तयार करणे हा वचनाचा कोणता अर्थ, असा प्रश्न सत्ताधारी मजूर पक्षाच्याही अनेक सदस्यांनी विचारला.

करुआना यांनी लंडनची वाट न पाहता ७ नोव्हेंबर २००२ रोजी स्वतःच सार्वमत घेतले. परराष्ट्र कार्यालयाने त्यास मान्यता दिली नाही. मतदानाचे निरीक्षण करण्यासाठी ज्येष्ठ मजूर खासदार जेराल्ड कॉफमन यांच्या नेतृत्वाखाली निरीक्षकांचे मंडळ गेले. ८७.९ टक्के मतदारांनी मतदान केले; संयुक्त सार्वभौमत्वाच्या विरोधात १७,९०० आणि बाजूने १८७ मते पडली.

त्याच महिन्यात डोनाल्ड अँडरसन यांच्या अध्यक्षतेखालील परराष्ट्र व्यवहार समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीत बहुमत सत्ताधारी पक्षाचे होते, अध्यक्षही त्याच पक्षाचा. तरीही अहवालाची भाषा कठोर आहे. जो तोडगा जिब्राल्टरच्या जनतेस मान्य होण्याची तीळमात्र शक्यता नाही, हे शासनाला ठाऊक असावयास हवे होते, त्यावर वाटाघाटी करणे चुकीचे होते. त्यातून स्पेनमध्ये उंचावलेल्या अपेक्षांचा भंग झाला आणि जिब्राल्टरवासीयांचा ब्रिटिश शासनावरील विश्वास उडाला, असा तिचा आशय आहे. समितीला वाटाघाटी थांबविण्याचा अधिकार नव्हता. पण मंत्र्यांना बोलावून साक्षी घेणे, जिब्राल्टरच्या नेत्यांचे म्हणणे अधिकृत नोंदीत आणणे, आणि प्रश्नांची उत्तरे लेखी मागविणे, एवढे तिला करता येत होते व ते तिने केले. ज्यांना वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची नव्हती, त्यांना समितीच्या दालनात मिळाली. संयुक्त सार्वभौमत्वाची योजना त्यानंतर पुन्हा उभी राहिली नाही. संसदीय छाननीच्या अभ्यासकाला याहून स्पष्ट यश क्वचितच सापडेल.

या यशाची दुसरी बाजू अशी की, नाक्यावरील रांगा होत्या तशाच राहिल्या. त्यांच्यावर उपाय निघाला तो सार्वभौमत्वाचा विषय बाजूला ठेवूनच. २००४ मध्ये त्रिपक्षीय संवादमंच स्थापन झाला. त्यात जिब्राल्टरला स्वतःचा आवाज होता. सप्टेंबर २००६ च्या कॉर्डोबा समझोत्यात विमानतळ, दूरध्वनी, सीमेवरील वाहतूक आणि १९६९ मध्ये काम गमावलेल्या स्पॅनिश कामगारांचे निवृत्तिवेतन असे विषय हाताळले गेले. सदतीस वर्षांपूर्वी बेकार झालेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न कोणी सार्वभौमत्वाच्या चर्चेत काढला नव्हता. कॉर्डोबाच्या या कामाला ब्रिटिश वृत्तपत्रांत व सभागृहात २००२ च्या तुलनेने फारच थोडी जागा मिळाली.

पुढे स्पेनमध्ये शासन बदलले, मंच बंद पडला आणि २०१३ मध्ये कृत्रिम प्रवाळभित्तीच्या वादावरून नाक्यावर तासन्‌तास रांगा लागल्या. जुलै २०१४ मध्ये परराष्ट्र व्यवहार समितीने पुन्हा अहवाल दिला. त्याचे शीर्षक कुंपणावर बसणे सोडा अशा अर्थाचे होते. या अहवालात सीमेवरील विलंबाला प्रथमच मध्यवर्ती स्थान आहे. समितीने शासनास कडक भूमिका घेण्याचा आग्रह केला. नाका कसा चालावा, याचा आराखडा मात्र त्यात नाही.

२०१६ नंतर : बाजू बदलतात

२३ जून २०१६ च्या सार्वमतात जिब्राल्टरने युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने १९,३२२ व विरोधात ८२३ मते दिली. ब्रिटन बाहेर पडले. मार्च २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय परिषदेस जे औपचारिक पत्र पाठविले, त्यात जिब्राल्टरचा उल्लेख नव्हता. लॉर्ड्स सभागृहाच्या युरोपीय संघ समितीने त्याच महिन्याच्या प्रारंभी जिब्राल्टरवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध करून सीमेवरील मुक्त ये-जा ही तेथील अर्थव्यवस्थेची जीवनरेषा असल्याचे दाखवून दिले होते. पत्र लिहिणाऱ्यांनी तो वाचला असावा, असे पत्रावरून वाटत नाही. एप्रिलच्या अखेरीस युरोपीय परिषदेने जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत ब्रिटन व स्पेन यांच्यात सहमती झाल्याशिवाय भावी कोणताही करार जिब्राल्टरला लागू होणार नाही, असे कलम होते. जे पत्रातून गळाले ते समोरच्या बाजूने आपल्या अटींवर मसुद्यात आणले.

३१ डिसेंबर २०२० रोजी, संक्रमणकाळ संपण्यास काही तास उरले असताना, ब्रिटन व स्पेन यांच्यात एक राजकीय चौकट ठरली. कुंपणाजवळील तपासणी काढून टाकावी आणि जिब्राल्टरमध्ये येणाऱ्यांची शेंगेन नियमांनुसार तपासणी विमानतळ व बंदर येथे व्हावी, हे तिचे सूत्र होते. ही तपासणी कोण करणार, हा प्रश्न पुढील चार वर्षे गाजला. रोज सुमारे पंधरा हजार माणसे कामासाठी ही सीमा ओलांडतात, म्हणजे तेथील श्रमशक्तीचा जवळजवळ अर्धा भाग. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका सकाळी स्पेनच्या बाजूच्या अधिकाऱ्याने पारपत्रांवर शिक्के मारण्याचा नियम अमलात आणला, जिब्राल्टरने तशीच प्रतिक्रिया दिली आणि काही तास नाका तुंबला. त्या दिवशी सार्वभौमत्वात काडीइतकाही फरक पडलेला नव्हता.

कॉमन्सच्या युरोपीय छाननी समितीने या वाटाघाटींची दखल घेतली. ब्रिटन समुदायात गेल्यानंतर १९७४ मध्ये या समितीची परंपरा सुरू झाली. २०१० पासून तिचे अध्यक्ष सर विल्यम कॅश होते. संघाच्या विरोधातील त्यांची भूमिका सर्वश्रुत होती. तिचा परिणाम समितीच्या कामावर झाला नाही असे म्हणता येणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅमेरॉन, स्पेनचे अल्बारेस, युरोपीय आयोगाचे शेफचोविच व जिब्राल्टरचे मुख्यमंत्री फॅबियन पिकार्डो यांची ब्रुसेल्स येथे बैठक झाली. कॅमेरॉनही लॉर्ड्सचे सदस्य, म्हणजे १९८० प्रमाणेच कॉमन्सच्या प्रश्नोत्तरांना करार करणारा मंत्री अनुपस्थित. मे २०२४ मध्ये कॅश यांच्या समितीने अहवालात इशारा दिला की, ब्रिटिश भूमीवरील विमानतळावर परकीय सीमारक्षकांना प्रवेशाविषयी निर्णय घेऊ देणे म्हणजे ब्रिटिश सार्वभौमत्वाला गंभीर बाध आणणे होय. पिकार्डो यांनी हा निष्कर्ष फेटाळला. त्यांच्या मते दोन्ही तपासण्या एकापाठोपाठ होतील, जिब्राल्टरचा अधिकारी आपल्या कायद्याने व दुसरा अधिकारी शेंगेन कायद्याने काम करील, आणि सार्वभौमत्वाविषयीच्या उभय पक्षांच्या भूमिका जशाच्या तशा राहतील.

या टप्प्यावर २००२ ची मांडणी उलटी झालेली दिसते. तेव्हा शासन एकीकडे आणि समिती व जनता दुसरीकडे होती. आता ब्रिटिश शासन व जिब्राल्टरचे निर्वाचित शासन एकत्र, आणि समिती त्यांच्या विरोधात. १९६९ चे वचन जनतेच्या इच्छेचे होते. ज्यांनी ते अर्धशतक जपले, तेच आता जनतेच्या निर्वाचित प्रतिनिधींना सार्वभौमत्वाचा अर्थ समजावून सांगू लागले. समितीने उपस्थित केलेला प्रश्न निरर्थक होता, असे मात्र लेखकास म्हणावयाचे नाही. एखाद्या ब्रिटिश नागरिकास ब्रिटिश भूभागावर उतरल्यानंतर दुसऱ्या देशाचा अधिकारी परत पाठवू शकत असेल, तर त्या अधिकाराचे नाव काय, याचे उत्तर शासनाने सविस्तर द्यावयास हवे होते. समितीची उणीव अशी की, तिने नाका बंद राहिल्यास काय होईल याचा हिशोब त्याच तराजूत ठेवला नाही. १९६९ ते १९८५ या सोळा वर्षांचा अनुभव जिब्राल्टरमध्ये आजही जिवंत असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. वेस्टमिन्स्टरमध्ये तो संदर्भग्रंथांत आहे.

अहवालानंतर काही दिवसांतच संसद विसर्जित झाली. कॅश यांनी पुन्हा निवडणूक लढविली नाही. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे शासन आल्यानंतर युरोपीय छाननी समिती पुन्हा नेमलीच गेली नाही. तिच्याविषयीचा स्थायी नियम रद्द करण्यात आला. समितीच्या कलाविषयी कोणाचे काही मत असो, पन्नास वर्षे कागद वाचण्याची सवय असलेली एक यंत्रणा जिब्राल्टरच्या वाटाघाटी ऐन रंगात आल्या असताना नाहीशी झाली. लॉर्ड्समध्ये युरोपीय व्यवहार समिती व आंतरराष्ट्रीय करार समिती यांनी काम चालू ठेवले. परंतु निर्वाचित सभागृहात या विषयाला वाहिलेली जागा रिकामी राहिली. मे २०२५ मध्ये चागोस द्वीपसमूहाविषयी मॉरिशसशी तहावर सह्या झाल्या, तेव्हाही तह आधी व चर्चा नंतर हाच क्रम राहिला.

११ जून २०२५ रोजी ब्रुसेल्स येथे परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी, अल्बारेस, शेफचोविच आणि पिकार्डो यांनी राजकीय सहमती झाल्याचे जाहीर केले. कुंपणाजवळील माणसांची व मालाची तपासणी काढून टाकणे, विमानतळावर व बंदरात दुहेरी तपासणी, युरोपीय संघाशी जकातव्यवस्था, आणि जिब्राल्टरमध्ये मालावर पंधरा टक्क्यांपासून सुरू होऊन सतरा टक्क्यांपर्यंत जाणारा नवा व्यवहार कर ही त्याची मुख्य अंगे होती. सार्वभौमत्वाविषयीच्या कायदेशीर भूमिकांना बाध येणार नाही, असे कलम त्यात असेल, हेही जाहीर झाले. संसदेला त्या दिवशी मिळाले ते या सहमतीचे निवेदन. तहाचा पूर्ण मसुदा तेव्हा तिच्या हाती नव्हता. दुहेरी तपासणी ज्या विमानतळावर व्हावयाची, तो संयोगभूमीवर उभा आहे, म्हणजे १७१३ च्या दहाव्या कलमात जिचे नाव नाही त्या वाळूच्या पट्टीवर.